पाचव्या खणातल्या दोन सोंगट्या

५ एप्रिल, शनिवार

सकाळी आंबोळ्या खाताना ऋजुताने जाहीर केलं की तिला लग्न करायचं आहे. मुलगा ठरला आहे, तिनेच ठरवला आहे, आणि मला फक्त कळवण्यात येत आहे. एकतीस वर्षांची मुलगी, मत्स्य महाविद्यालयात शिकवते, दरवर्षी पोरांचे गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासते, आणि स्वतःच्या आयुष्यातला एवढा एक प्रश्न हिला वडिलांना विचारून सोडवता आला नाही.

मुलाचं नाव दर्शन शिवलकर. गाव मालगुंड. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने पाण्यावर आणि उरलेले आमच्या खुर्चीत. वडील हरिश्चंद्र, तेही जन्मभर बोटीवरच होते. मी जातपात मानत नाही. हे मी वाचनालयाच्या व्याख्यानात उघड बोललेलो आहे आणि त्याचं कात्रण माझ्या कपाटात आहे. माझी हरकत केवळ व्यवहाराची आहे. मासे शिकवणं वेगळं आणि मासे वाळत घातलेल्या अंगणात नांदणं वेगळं. एवढंच म्हटलं, तर ऋजुता ताटावरून उठली.

उल्का तवा उतरवत म्हणाली, "कात्रण जपून ठेवा हो." आमच्या हिला चौतीस वर्षांच्या संसारात उपरोध कधी जमला नाही, त्यामुळे ती मनापासूनच म्हणाली असणार.

"मग तिला काय सांगू?" तिने विचारलं.

"काही सांगू नकोस. त्याला इथे बोलाव. मी बघतो."

रत्नागिरीच्या कोर्टात मी जन्मभर उलटतपासणी केली. भलेभले साक्षीदार पिंजऱ्यात रडवले. हा तर इंजिनला तेल घालणारा.

१३ एप्रिल, रविवार

आला. चारला सांगितलं होतं, चारला आला. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं. चपला दाराबाहेर भिंतीला समांतर लावून ठेवल्या, जणू त्यांचंही इन्स्पेक्शन होणार होतं. मला न विचारताच 'काका' म्हणायला लागला.

मी विचारलं, "जहाजावर तुम्ही नेमकं करता काय?"

"इंजिन चालू ठेवतो."

"आणि बंद पडलं तर?"

"परत चालू करतो."

असा तासभर. साक्षीदार तीन प्रकारचे असतात. खोटं बोलणारे, फार बोलणारे, आणि हे असे, ज्यांच्या वाक्याला गळ अडकवायला जागाच नसते. लोक याला सरळपणा म्हणतात. मी मठ्ठपणा म्हणतो.

ऋजुतासाठी त्याने लाकडाची एक चपटी पेटी आणली होती. मला वाटलं, अत्तरं. उघडली तर आत बॅकगॅमनचा पट. त्याच्या पहिल्या जहाजावरच्या ग्रीक चीफ इंजिनिअरने हा खेळ शिकवला म्हणे. ते लोक त्याला 'तावली' म्हणतात. आपला सारीपाटच, परदेशात जाऊन टाय लावून आलेला. चोवीस खण, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, दोन फासे. सगळ्या सोंगट्या फिरवून आपल्या शेवटच्या सहा खणांत, म्हणजे आपल्या घरात, आणायच्या आणि मग एकेक पटाबाहेर काढायची. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. वाटेत समोरच्याची एकटी सोंगटी सापडली तर मारायची. ती मधल्या दांडीवर जाऊन बसते आणि तिला मारणाऱ्याच्याच घरातून पुन्हा सुरुवात करावी लागते. एका खणात दोन असल्या तर मात्र त्यांना मारता येत नाही, आणि तिथे आपल्याला उतरताही येत नाही.

उल्का म्हणाली, "मला येतो हा. ऋजुता आणि मी तिच्या फोनवर खेळतो." केव्हापासून, तर दिवाळीपासून. बायका दुपारच्या वेळात काय काय करतात याचा घरातल्या पुरुषाला पत्ता नसतो.

नियम समजायला मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. म्हटलं, बसा समोर. दिसेल ती सोंगटी मारत सुटलो. त्याच्या चार मारल्या आणि सरळ जिंकलो. "छान मारल्यात," तो म्हणाला. स्वतःला मार बसल्यावर समोरच्याचं कौतुक करणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.

जाताना मी त्याला सांगितलं, "दर रविवारी येत जा. माणूस पटावर कळतो. तुम्ही मला कळलात की उत्तर देईन."

"चालेल," म्हणाला.

ऋजुताने माझ्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं की मलाच क्षणभर बरं वाटलं. बिचारीला कुठे माहीत की जूनच्या मध्यावर तो पुन्हा जहाजावर जाईपर्यंत मी हे असंच लांबवणार आहे. माझ्या पाहण्यात कितीतरी दावे तहकुब्या घेत घेत आपोआप थंड झालेत. माणसं दमतात, साक्षीदार गाव सोडून जातात, मुद्दाच उरत नाही. याला डावपेच म्हणतात. इंजिनवाल्यांना तो शिकवत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

हरलो. त्याचं कारण लिहून ठेवतो, कारण त्यात माझी चूक शून्य आहे.

याने काय केलं? आपल्या दोन सोंगट्या माझ्या घरात, पाचव्या खणात, नेऊन बसवल्या. आणि बसला. ना पुढे, ना मागे. मी माझी फौज घराकडे आणतोय आणि हे दोघे मध्येच, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. त्यांना मारता येत नाही, हलवता येत नाही. त्यांना वळसा घालून सगळ्यांना आत आणायचं तर केव्हातरी एखादी सोंगटी एकटी राहतेच. राहिली. पाच-तीन पडले आणि त्याने ती मारली. तेवढं एक दान, आणि खेळ फिरला.

मी म्हटलं, "हा तुमचा खेळ की बसायचा धंदा?"

"बचाव आहे, काका."

"बचाव हरणारे करतात."

"हो, मी मागेच होतो," तो म्हणाला. "पुढे असतो तर पळालो असतो."

ही त्याची बाजू! स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की मी मागे होतो. असला अशील माझ्याकडे असता तर त्याचं वकीलपत्र परत केलं असतं.

२३ एप्रिल, बुधवार

इंटरनेटवर शोधलं. समोरच्याच्या घरात अशा दोन सोंगट्या रोवण्याला इंग्रजीत 'अँकर' म्हणतात. म्हणजे नांगर. दर्यावर्दीला नांगराशिवाय दुसरं सुचणार काय!

दुपारी उल्काबरोबर तीन डाव खेळलो, तिन्ही जिंकले. ती फार विचार करते आणि मग नेमकी एक सोंगटी उघडी टाकते. मी मारली की "अगंबाई" म्हणते. मी तिला दर्शनच्या भित्रेपणाबद्दल सांगत होतो, तर म्हणाली, "त्या दोन थांबलेल्या असतात तेव्हा त्याच्या बाकीच्या तेरा काय करत असतात ते बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. बघायची गरजही नव्हती. शत्रू माझ्या घरात बसलेला असताना मी त्याच्या घरात कशाला डोकावू?

४ मे, रविवार

गेल्या रविवारी एक जिंकलो, एक हरलो. आज दोन्ही हरलो. पहिल्या डावात त्याचा पाचवा खण मीच आधी बळकावला, तर हा तिसऱ्यात जाऊन बसला. अंथरूण मिळेल तिथे झोपणारी जात. जात म्हणजे स्वभाव या अर्थाने लिहितोय.

आज मात्र त्याच्या उरलेल्या सोंगट्यांकडे लक्ष ठेवलं. त्या आपल्या घरात एकापुढे एक खण धरत होत्या. हळूहळू, न दाखवता. त्यामुळे माझी एक सोंगटी मार खाऊन दांडीवर गेली तेव्हा तिला आत यायला जागाच नव्हती. यात काही विशेष आहे असं मला वाटत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

उल्का त्याला आता फणसाची भाजी डब्यात भरून देते. तो डबा धुऊन परत आणतो. आज तिच्या मिक्सरचा खटका दुरुस्त केला. मी सहा महिने सांगत होतो, नवा घेऊ. लाच देण्याचे किती प्रकार असतात!

६ मे, मंगळवार

ऋजुता कॉलेजातून आली आणि पर्स खांद्यावरून न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आम्ही आज विवाह नोंदणीची नोटीस दिली. नऊ जूनला लग्न. बारा-तेराला दर्शन निघेल."

"मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"माहीत आहे."

"मी हरकत घेऊ शकतो."

"विशेष विवाह कायद्यात हरकतीची कारणं मोजून दिली आहेत. मी वाचली. 'वडिलांना पसंत नाही' हे त्यात नाहीये."

"तो कायदा मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतोय!"

"म्हणूनच तुम्हाला आधी सांगायला आले," ती म्हणाली. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. तेवढं झालं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

उल्काला विचारलं, तुला ठाऊक होतं? तर म्हणाली, "तीन साक्षीदार लागतात. मी एक आहे." घरचा साक्षीदार फुटला म्हणजे काय होतं ते मी पक्षकारांना बरेचदा समजावलं आहे. अनुभव आज आला. जेवलो नाही. अळवाचं फदफदं होतं, तरीही नाही.

१० मे, शनिवार

मुलगी ऐकत नाही, मुलगा बोलत नाही. म्हणून सरळ मुळावर घाव घालायचं ठरवलं आणि आरे-वारेच्या रस्त्याने एकटाच गाडी घेऊन मालगुंडला गेलो. म्हाताऱ्याला समजावणं सोपं असतं. आपल्या माणसांत सून हवी, घरचं करणारी हवी, असं त्यांनाही वाटत असणारच. दोन बापांनी मिळून हरकत घेतली की पोरं गप्प बसतात.

चिऱ्यांचं बैठं घर, मागे सुरूची बनं आणि त्यापलीकडे समुद्र. अंगणात मासे नव्हते. हरिश्चंद्र शिवलकर पडवीत कोकमाचे रातांबे फोडत बसले होते. सोलं वाळत घालायचा मोसम. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. उठले नाहीत. "बसा," म्हणाले आणि फोडत राहिले.

मी माझा मुद्दा मांडला. संस्कार, राहणी, दोन्ही घरांची अडचण, मुलीचं भलं. नीट, कुठेही कुणाचा अपमान होणार नाही अशा भाषेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझी पण हरकत हाय," ते म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. "तुमची काय हरकत?" मी विचारलं.

"पोरगी चांगली हाय. ती इथं आली, माझ्या पोरीबरोबर, सानिकाबरोबर, ह्याच पडवीत बसून कोकमं फोडली. तिच्याबद्दल काय नाय. हरकत तुमच्याबद्दल हाय."

"माझ्याबद्दल?"

"माझा पोरगा दर रविवारी तुमच्या दारात येतो. तुमी त्याला होय म्हणत नाय, नाय पण म्हणत नाय. खेळायला बसवता. म्हणजे तुमी त्याला तारखा देताय, वकीलसाहेब." त्यांनी एक रातांबा फोडला आणि बिया बाजूला टाकल्या. "माझ्या भावाची वाडी कोर्टात होती. निकाल लागलाच नाय. तारखा पडत गेल्या, तो म्हातारा झाला, मेला. तारीख देणारा माणूस कसा असतो ते आमी बघितलाय. अशा घरी मी माझा पोरगा कशाला देव?"

मी लगेच उठलो, त्याचा कुणी भलता अर्थ काढेल. तसं नाही. ऊन फार होतं.

परतताना आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवून थोडा वेळ उभा राहिलो. पर्यटक सेल्फी काढत होते. मूर्ख लोक.

११ मे, रविवार

हरकत त्यांची! आठल्ये वकिलाच्या घराला नाही म्हणणारे हे शिवलकर कोण? माझी मुलगी डॉक्टरेट आहे. मुंबईची, पुण्याची दोन चांगली स्थळं माझ्यासाठी म्हणून थांबली होती. शिवलकरांनी खरं म्हणजे पेढे वाटायला हवेत. हे मी उल्काला स्पष्ट सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे तुमचं म्हणणं, त्यांनी हो म्हणायला हवं?"

"अर्थातच!"

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. आत मायलेकी हसल्या. कशाला कोण जाणे.

दर्शन चारला आला. मी मालगुंडला जाऊन आल्याचं त्याला ठाऊक असणार, पण त्याने विषय काढला नाही. मीही काढला नाही. दोन डाव झाले, कुणी कितीदा जिंकलं ते लिहीत नाही.

२५ मे, रविवार

आज सगळं सविस्तर लिहायला हवं.

गेल्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून खेळलो नव्हतो. तेव्हा तो उल्काशी खेळला आणि हरला. उल्काशी! चार डावांत तीन. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होतो. तिचा एकदाही "अगंबाई" असा आवाज आला नाही. मला वाटतं सासूला खूश ठेवायला मुद्दाम हरला असेल.

आज मात्र मी तयारीने बसलो. सुरुवातीला त्याच्या तीन मारल्या. तो पार मागे पडला. त्याच्या दोन सोंगट्या माझ्या घराच्या अगदी शेवटच्या खणात, कोपऱ्यात, दबून बसल्या. मी सगळी फौज घरात आणली आणि बाहेर काढायला लागलो. एक, दोन, पाच, आठ. मी मनात निकालपत्र लिहायला घेतलं होतं.

मग सहा-पाच पडले. दुसरी खेळीच नव्हती. दोन बाहेर गेल्या आणि एक उघडी पडली. त्याने फासे टाकले. चार-एक. मारली.

माझी सोंगटी दांडीवर गेली आणि मी त्याच्या घराकडे पाहिलं. सहाच्या सहा खण बंद. प्रत्येकात दोन-दोन. इतका वेळ मी मारत होतो, जिंकत होतो, बाहेर काढत होतो, तेव्हा हा कोपऱ्यात दबून हे करत बसला होता. मला आत यायला वाट नव्हती. फासे टाकण्यातही अर्थ नव्हता. तो खेळणार आणि मी बघणार.

बोलण्याशिवाय उद्योग उरला नाही, म्हणून विचारलं, "हे असं बसून राहायला शिकलात कुठे?"

तो प्रथमच दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला.

"कोरोनाच्या वर्षी, काका. आमचं जहाज एका बंदराबाहेर नांगरून होतं. आत घेईनात, माणसं बदलू देईनात. हा खेळ शिकवणाऱ्या त्या ग्रीक चीफच्या घरी बायको आजारी होती. रोज फोनवर बोलायचे. मग ती गेली. त्यांना जाता आलं नाही." तो सोंगट्या सरकवत होता. "मला वाटलं, आता हा माणूस खचणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खाली पंप तपासत होते. मी म्हटलं, कशाला, आपण कुठे जाणार आहोत? तर म्हणाले, एक दिवस निघा म्हणून हुकूम येईल. त्या दिवशी इंजिन सुरू झालं पाहिजे. संध्याकाळी पट मांडायचे. मी मागे पडलो की चिडून वाटेल तशी सोंगटी टाकायचो. ते म्हणायचे, अडकलास याचं दुःख करू नकोस, अडकलेला असताना स्वतःचं घर मोडू नकोस."

मी बाहेर काढलेल्या सोंगट्यांची चळत लावत बसलो. स्वयंपाकघरात ऋजुता आणि उल्का कसल्याशा साडीवरून बोलत होत्या, नऊ तारखेच्या. मी दाराकडे पाहिलं तशा दोघी बोलायच्या थांबल्या. मग हळू आवाजात पुन्हा सुरू झाल्या. केव्हापासून असं चाललंय या घरात, ते मला आठवेना.

डाव तो जिंकला. माझ्या दोनच सोंगट्या उरल्या होत्या. त्याने पट पुसला, पेटी मिटली आणि उठला.

"येतो काका."

"उत्तर नको?" मी विचारलं.

"तुम्ही द्याल तेव्हा."

"एवढे रविवार आलात, एकदाही विचारलं नाहीत. का?"

तो जरा घुटमळला. "ऋजुता म्हणाली होती, विचारू नकोस. बाबांना प्रश्न विचारला की ते वकील होतात."

आगाऊपणा आहे हा, तिचाही आणि त्याचाही. मी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तुमचे वडील येणार आहेत ना नऊ तारखेला?"

"नाही म्हणतात."

"म्हणजे काय? मुलाच्या लग्नाला बाप नाही?"

"ते म्हणतात, मुलीच्या घरचं बोलावणं नाही." त्याने चपला घातल्या. "मी समजावतोय. नाही आले तर आईच्या फोटोला नमस्कार करून सानिकाला घेऊन येईन."

तो फाटकापर्यंत गेला. मी ओट्यावर उभा होतो. त्याची पाठ पहिल्यांदाच मला थकलेली दिसली. इंजिन चालू ठेवणाऱ्यांची तशी असेल.

उल्काने नंतर दिवा लावला आणि मला विचारलं, "काय झालं?"

"हरलो," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. चौतीस वर्षांत हिला जमला नाही असं मी समजत होतो, तो उपरोध हा असावा. किंवा नसावाही.

२६ मे, सोमवार

आज पुन्हा मालगुंडला जाऊन आलो. उल्काने कुठे निघालात म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने फक्त कोटाऐवजी साधा शर्ट काढून ठेवला होता.

दीड वाजता पोचलो. सानिकाने दार उघडलं. "बाबा जेवून झोपलेत. उठवू?"

नको म्हटलं. पडवीतल्या बाकावर बसलो. आता हा मनुष्य किती वेळ झोपावा? कोर्टात एवढा वेळ न्यायाधीशांनीही मला कधी बसवून ठेवलं नव्हतं. बाक अरुंद, त्याचा एक पाय आखूड. वाळत घातलेल्या सोलांचा आंबट वास. डोक्यावरचा पंखा वारा सोडून सगळं देत होता. सानिकाने पाणी दिलं, मग कोकम सरबत दिलं, मग नुसतीच येऊन बघून गेली.

येताना मी गाडीत मुद्दे जुळवले होते. एक, गैरसमज. दोन, वडीलधाऱ्यांची जबाबदारी. तीन, मुलांचं भवितव्य. चौथाही होता. बसल्या बसल्या मी ते एकेक तपासून पाहिले, आणि समोर मीच उलटतपासणीला असतो तर एकही टिकला नसता. दोनदा उठून गाडीपर्यंत गेलो. किल्ली लावली तर आवाजाने ते उठतील, आणि मी निघालो हे त्यांना कळेल. परत येऊन बाकावर बसलो.

साडेतीनच्या पुढे केव्हातरी आतून खोकल्याचा आवाज आला. हरिश्चंद्र खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले. मला पाहून उंबऱ्यातच थांबले.

"कवा आलात?"

"झाला थोडा वेळ."

त्यांनी सानिकाकडे पाहिलं. तिने काहीतरी खूण केली असावी, कारण त्यांचा चेहरा बदलला. समोरच्या खांबाला टेकून ते बसले. "बोला."

"नऊ जूनला माझ्या मुलीचं लग्न आहे," मी म्हटलं. "तुमच्या मुलाशी. मी बोलवायला आलोय."

एवढंच. पुढचं वाक्य तयार होतं, ते मी बोललो नाही. त्यांनी सोलांच्या सुपातली एक पाकळी उचलून बोटांत दाबून पाहिली, वाळली का. मग दुसरी. मी गप्प बसलो. हे इतकं अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "किती वाजता?"

स्वतः दुपारभर झोपतात आणि दुसऱ्याला वेळ विचारतात!

"साडेदहा," मी सांगितलं.

"येन मी. सानिकाला घेवन यस्टीनं येन."

"एसटीने येऊ नका," मी म्हटलं. "मी न्यायला येतो."